जॅमची बरणी आणि साखरेचा हिशोब

इंग्लंडमध्ये ऑगस्ट निम्मा सरला की गावातल्या घरांबाहेर एक गंमत दिसायला लागते. फाटकापाशी एक खोकं ठेवलेलं असतं, त्यात सफरचंदं नाहीतर प्लम, आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं, "घेऊन जा, फुकट!" झाडाला एकदम इतकी फळं लागतात की घरातल्यांना खाऊन संपत नाहीत. रस्त्याकडेची कुंपणं ब्लॅकबेरींनी (फोन नव्हे, खरीखुरी फळं!) लगडलेली असतात. हातात डबा घेतलेले आजोबा आणि त्यांची नातवंडं काटे चुकवत ती तोडत असतात. सप्टेंबरच्या २९ तारखेनंतर मात्र ब्लॅकबेरी तोडायची नाही, कारण त्या दिवशी स्वर्गातून हाकललेला सैतान तिच्या काट्यांत पडला आणि तेव्हापासून तो दरवर्षी त्या फळांवर थुंकतो, अशी इथली जुनी समजूत आहे. खरं कारण साधं आहे. तोवर गारठा आणि ओल वाढते, फळ पाणचट होतं आणि त्याला बुरशी धरते.

आणि मग पुढे काय? नोव्हेंबर ते मे झाडावर काही म्हणजे काही नाही. माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवलेली सफरचंदं फार तर मार्चपर्यंत टिकायची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात घराघरांत जी धांदल असते (लोणची, साखरांबा, फणसपोळी, गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि त्यांच्यावर नजर ठेवून असलेले कावळे) तशीच धांदल इथे जुलै ते सप्टेंबर असायची. आपली बेगमी पावसाळ्याची, यांची हिवाळ्याची. ह्या बेगमीतला मुख्य पदार्थ म्हणजे घरी केलेला जॅम.

आपल्यापैकी बहुतेकांचा जॅमशी संबंध लहानपणी डब्यातल्या पोळीच्या गुंडाळीपुरता. लाल रंगाचं, कुठल्याच फळाची चव नसलेलं काहीतरी गोड! त्यामुळे घरगुती जॅमचा इतिहास वगैरे म्हटलं की त्यात काय एवढं, असं वाटणं साहजिक आहे. पण थोडं खोलात गेलं की एक गोष्ट लक्षात येते. फळं तर फाटकावर फुकट मिळत होती, आजही मिळतात. जॅमचा सगळा इतिहास हा साखरेचा इतिहास आहे. साखर कुठून आली, कोणी पिकवली आणि कोणाला मिळाली, यावर हिवाळ्यात कोणाच्या पावावर जॅम असणार हे ठरत गेलं.

आधी थोडं तंत्र बघू (इंजिनियर असल्यामुळे मला हे टाळता येत नाही). फळ नासतं ते जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांच्यामुळे, आणि या सगळ्यांना वाढायला पाणी लागतं. साखर पाण्याला धरून ठेवते. जॅममध्ये साखरेचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं की आत पाणी असूनही या मंडळींना ते वापरता येत नाही. मिठाने लोणचं टिकतं त्यामागेही हेच तत्त्व आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पेक्टिन. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा पदार्थ. आंबटपणा आणि भरपूर साखर यांच्या संगतीत तो पाण्याला जाळ्यात पकडतो आणि रसाचा जॅम होतो. आंबट सफरचंद, गूजबेरी, करंट, प्लम यांच्यात पेक्टिन भरपूर, तर स्ट्रॉबेरी आणि चेरीत कमी. म्हणून त्यात लिंबू पिळतात किंवा सफरचंद मिसळतात. आपला पेरूही पेक्टिनच्या बाबतीत श्रीमंत आहे.

जॅम साधारण १०५ अंश सेल्सियसला तयार होतो. थर्मामीटर नसलेल्या काळातल्या बायका थंडगार बशीत थेंबभर जॅम टाकून बोटाने सरकवून बघत. सायीसारखी सुरकुती पडली की झालं! एकतारी-दोनतारी पाक बोटांत ओढून बघणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको. सर्वसाधारण कृतीत एक किलो फळाला एक किलो साखर घेतात आणि पाणी आटून त्याचा साधारण १६५० ग्रॅम जॅम होतो. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ही साखर इंग्लंडात आली कुठून? आपली शर्करा अरबांकडे 'सुक्कर' झाली आणि पुढे युरोपात 'शुगर'. आपल्या खंडाचा अरबीत 'कंद' झाला आणि इंग्रजीत 'कँडी'. साखरेत फळ मुरवायची कलाही युरोपला मुख्यतः अरबांकडूनच मिळाली. आपला 'मुरांबा' ज्या 'मुरब्बा'वरून आला तोही अरबीच शब्द. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालहून लंडनला लाकडी पेट्यांतून एक महागडी मिठाई यायची. क्विन्स नावाच्या फळाचा साखरेत आटवलेला घट्ट गोळा, सुरीने वड्या कापून खायचा. क्विन्सला पोर्तुगीजमध्ये म्हणतात 'मार्मेलो', म्हणून ही 'मार्मेलाडा'. इंग्रजांचं मार्मलेड ते हेच, संत्र्याशी त्याची गाठ नंतर पडली. आणि हेच पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा इथे क्विन्स नव्हतं, पेरू होता. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून नाताळला होणारी पेरूची 'पेराद' या मार्मेलाडाचीच बहीण.

तेव्हा साखर म्हणजे श्रीमंतांची चैन. १५९८ साली पॉल हेन्ट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने पहिल्या एलिझाबेथ राणीला पाहिलं आणि तिचे दात काळे असल्याचं लिहून ठेवलं. इंग्रज लोक साखर फार खातात त्याचा हा परिणाम, असं त्याचं मत. गरीब बाईला दात काळे करून घेण्याइतकी साखर बघायलाही मिळत नव्हती. ती फळं वाळवायची, नाहीतर डुकरांना घालायची.

मग साखर स्वस्त झाली. कशी झाली ते आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे, पण जॅमशी जोडून शिकवलेलं नाही. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेतला गेला. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाचं साखरेच्या इतिहासावर एक गाजलेलं पुस्तक आहे, १९८५ सालचं. त्यात त्याने हिशोब मांडलाय. १७०० साली इंग्लंडमध्ये माणशी वर्षाला साधारण दोन किलो साखर खपायची, १८०० साली आठ किलो, आणि १९०० च्या सुमारास चाळीस! खेड्यातल्या मजुराच्या घरात जॅमचं पातेलं चुलीवर चढलं ते या आकड्यांच्या जोरावर.

१८३० च्या दशकात ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळे मात्र बंद झाले नाहीत. त्यांना माणसं हवी होती, आणि ती हिंदुस्थानातून नेली गेली. १८३४ पासून पुढची जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षं मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर नेण्यात आले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले, काही मद्रासकडचे, आणि काही मुंबई बंदरातून चढलेले मराठी, त्यात रत्नागिरीकडचे बरेच. आज मॉरिशसमध्ये गणपती बसतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, याचं आपल्याला कौतुक असतं. पण ही माणसं तिथे गेली होती ती ऊस तोडायला. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या पायऱ्यांवरून ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. (गुजरातीत पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणतात, तो शब्दही मॉरिशसचाच अपभ्रंश.)

१८७४ साली ब्रिटनने साखरेवरचा आयात कर पूर्ण काढून टाकला. त्यात जर्मनी-ऑस्ट्रियातून बीटापासून केलेली साखर येऊ लागली, तीही तिथल्या सरकारी अनुदानामुळे स्वस्तात. झालं! जॅमचे कारखाने धडाधड उभे राहिले. केंब्रिजजवळच्या हिस्टन गावात चिव्हर्स नावाच्या फळबागायतदार कुटुंबाने १८७३ साली एका कोठारात जॅम करून बघितला होता. काही वर्षांत तिथे रेल्वे स्टेशनाला लागून मोठा कारखाना झाला. लँकेशायरमध्ये हार्टली, एसेक्समध्ये टिपट्रीचे विल्किन, ही सगळी नावं त्याच दीड दशकातली. गिरणीत दहा-दहा तास काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी रांधायला ना वेळ ना कोळसा. लोणी परवडत नाही. मग पाव, त्यावर जॅम आणि साखरेचा चहा, हेच मुलांचं जेवण झालं. स्वस्तातल्या जॅममध्ये फळ कमी आणि सलगमाचा लगदा जास्त, अशी ओरडही तेव्हा होती.

आणि तो जॅम करणाऱ्या बायकांचं काय? १९११ च्या ऑगस्टमध्ये, कडक उन्हाळ्यात, लंडनच्या बर्मंडसी भागातल्या जॅम आणि बिस्किटांच्या कारखान्यांतल्या हजारो बायका एकाएकी काम टाकून रस्त्यावर आल्या. बहुतेक जणी कुठल्याच युनियनच्या सभासद नव्हत्या. मेरी मॅकार्थर या कामगार पुढारी बाईंनी त्यांना संघटित केलं, आणि बहुतेक कारखान्यांना पगार वाढवावे लागले. पिंक नावाच्या जॅम कारखान्यात आठवड्याचे ९ शिलिंग होते त्याचे ११ झाले. दोन शिलिंगांसाठी एवढं सगळं!

आता येऊ या गोष्टीच्या मुख्य भागाकडे. सप्टेंबर १९३९. महायुद्ध सुरू झालं आणि नेमका त्याच वर्षी प्लमचा भरघोस बहर. झाडाखाली फळांचा खच, आणि साखर मात्र आता सरकारच्या ताब्यात. ब्रिटन तेव्हा आपलं बहुतेक अन्न बाहेरून आणत असे आणि आणणाऱ्या जहाजांवर जर्मन पाणबुड्या टपलेल्या. अशा वेळी विमेन्स इन्स्टिट्यूट ही खेड्यातल्या बायकांची संघटना पुढे आली. १८९७ साली कॅनडात सुरू झालेली ही चळवळ १९१५ साली वेल्समधल्या एका गावातून ब्रिटनमध्ये आली होती. आपल्याकडच्या महिला मंडळासारखंच समजा, पण देशभर जाळं असलेलं. त्यांनी अन्नखात्याकडून १४०० पौंडांची साखर मिळवली आणि ती गावोगावच्या शाखांना वाटली.

पुढच्या वर्षीपासून हे पद्धतशीर सुरू झालं. शाळेचं स्वयंपाकघर, चर्चचा हॉल, कोणाचा तरी गोठा, जिथे चूल आणि पाणी असेल तिथे जॅम केंद्र. बागांतलं आणि कुंपणांवरचं जास्तीचं फळ केंद्राने विकत घ्यायचं, गावातल्या बायकांनी बिनपगारी राबून जॅम करायचा. अमेरिकेतून हाताने डबे बंद करायची यंत्रं मदत म्हणून आली. या संघटनेत शांततावादी क्वेकर बायकाही होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष युद्धाला हातभार लावणारं काम संघटना म्हणून करायचं नाही असा नियम होता. फळ वाया जाऊ न देणं या चौकटीत सहज बसलं. १९४० ते ४५ या काळात त्यांनी ५३०० टनांहून जास्त फळं टिकवली, म्हणजे ५४ लाख किलो!

आता मघाचा आकडा आठवा. ८ जानेवारी १९४० ला साखरेचं रेशन सुरू झालं. सुरुवातीला माणशी आठवड्याला ३४० ग्रॅम, मे महिन्यापासून २२७ ग्रॅम. घरी जॅमच्या पाच बरण्या, म्हणजे सव्वादोन किलो जॅम करायचा तर साखर लागणार सुमारे १३५० ग्रॅम. म्हणजे सहा माणसांचं आठवड्याचं सगळं रेशन! चौघांच्या घराने दीड आठवडा चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा तेव्हा पाच बरण्या. सरकार उन्हाळ्यात जॅमसाठी थोडी वेगळी साखर देई, पण ती मोजूनमापून. झाडाला टोपलीभर फळ, हाताला आईकडून आलेलं कसब, आणि तरीही पातेलं रिकामं, अशी अवस्था.

केंद्रातल्या बायकांना तर साखरेची पोतीच्या पोती मिळत होती. पण मार्च १९४१ पासून जॅमही रेशनवर आला आणि केंद्रातला जॅम सगळ्या देशाच्या साठ्याचा भाग झाला. दिवसभर भट्टीपाशी उभं राहून, हात भाजून घेऊन केलेल्या जॅमची एक बरणीही घरी न्यायची सोय नव्हती. तो दुकानात जायचा, आणि करणाऱ्या बाईलाही तो आपलं कूपन देऊनच घ्यावा लागायचा, इतरांइतकाच. साखरेचं प्रमाण अन्नखात्याने ठरवून दिलेलं, तपासायला माणसं येत. आमच्या गल्लीत नव्वदी पार केलेल्या एक आजी आहेत. त्या तेव्हा शाळेत जात. त्या सांगतात, "चमचे धुवायला टाकण्याआधी ते चाटायचा मान आम्हा मुलांचा. तेवढा भ्रष्टाचार चालायचा!"

इंजिनियरच्या सवयीने मी त्या ५३०० टनांना तेव्हाच्या पावणेपाच कोटी लोकसंख्येने भागून पाहिलं. माणशी जेमतेम ११५ ग्रॅम फळ येतं, तेही सहा वर्षांत मिळून. म्हणजे ह्या जॅमने ब्रिटन जगला वगैरे म्हणणं फोल आहे. कारखाने याच्या कितीतरी पट जॅम करत होते. तरी लोकांच्या आठवणीत कारखाने राहिले नाहीत, या बायका राहिल्या. २०१५ साली त्यांच्यावर टीव्ही मालिकासुद्धा निघाली. मला वाटतं याचं कारण त्या कूपनात आहे. ज्याच्या हातात पळी त्याने आधी आपलं वाढून घ्यायचं, हा जगाचा जुना नियम. इथे पळी हातात असलेल्यांनी रांगेत उभं राहून इतरांएवढंच घेतलं, आणि लॉर्डसाहेबांच्या वाड्यावरही जॅमचं कायदेशीर माप तेवढंच होतं. काळाबाजार होताच, सगळे काही संत नव्हते. पण गोडाचं वाटप समान असावं हे तत्त्व एका देशाने काही वर्षं कायदा म्हणून पाळून पाहिलं, आणि पन्नास वर्षांपूर्वी पाव-जॅमवर वाढलेल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना ते फायद्याचंच ठरलं.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान गोड झाली असती. पण हिशोब अजून पुरा झालेला नाही. युद्धकाळात वसाहतींतली साखर ब्रिटिश सरकार घाऊक विकत घेत असे, मॉरिशसचीसुद्धा. २७ सप्टेंबर १९४३ ला, म्हणजे इकडे ब्लॅकबेरीचा हंगाम संपत आलेला असताना, मॉरिशसमधल्या बेल व्ह्यू हारेल या साखरेच्या मळ्यावर मजुरी वाढवून मागणाऱ्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघं गेले. त्यात अंजले कुपेन नावाची एक गरोदर बाई होती. आज तिथल्या एका मोठ्या स्टेडियमला तिचं नाव आहे. समान वाटपाचं ते सुंदर तत्त्व ब्रिटनच्या किनाऱ्यापर्यंतच होतं. ऊस तोडणाऱ्याच्या ताटात किती पडावं, याचं कूपन कोणी छापलं नव्हतं. इंग्लंडातल्या त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी आपलं काम निष्ठेने केलं. पण पोतं उघडून साखर ओतणाऱ्या हातांची आठवण ठेवायची, तर ते पोतं भरणारे हातही आठवायला हवेत. आपल्याला तर हवेतच, कारण त्यात काही हात कोकणातून गेलेले होते.

युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही. जॅमचं रेशन १९४८ च्या डिसेंबरात उठलं, साखरेचं थेट सप्टेंबर १९५३ मध्ये. मग फ्रीज आले, सुपरमार्केट आली, जानेवारीत स्ट्रॉबेरी मिळायला लागली आणि हिवाळ्याच्या बेगमीची गरज उरली नाही. आता घरी जॅम करतात ते हौसेने, आणि तोही कमी साखरेचा. तो जास्त दिवस टिकत नाही, फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे एकेकाळी ज्या साखरेसाठी जहाजं बुडाली, ती आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी करायची! २०१३ साली जॅममधल्या साखरेचं कायदेशीर प्रमाण ६० वरून ५० टक्क्यांवर आणायचं का, यावर इथल्या संसदेत चर्चा झाली होती. ब्रिटिश न्याहारीचं आता कसं होणार, अशी काळजी एका खासदारबाईंनी व्यक्त केली. जुनी माणसं जॅमच्या बाबतीत फार हळवी आहेत.

आपल्याकडे ज्यांनी सत्तरच्या दशकात रेशनच्या दुकानासमोर पिशवी आणि कार्ड घेऊन रांग लावली आहे, दिवाळीला जादा साखर सुटणार म्हणून वाट पाहिली आहे, त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. त्या वर्षी मुरांबा किती कैऱ्यांचा घालायचा हे झाड ठरवत नसे, कार्ड ठरवत असे. यंदा उन्हाळ्यात घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारून बघा, तेव्हा साखर कशी पुरवली. तुमच्याही घरात एखादा हिशोब निघेल.